मुका मार

दादाला वास येत नाही, हे आम्हाला कळायला अकरा दिवस लागले.

भोगीचा दिवस होता. वहिनीने तिळाच्या वड्यांसाठी गुळाचा पाक गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात फाटकाशी कुणी हाक मारली म्हणून ती बाहेर गेली. जाताना म्हणाली, "अहो, पाकाकडे बघा हं जरा." दादा ओट्याकडे पाठ करून स्टुलावर बसला होता, पेपरातलं शब्दकोडं घेऊन. मी परसातून आत आले ती वासानेच. जळक्या गुळाचा वास कडवट असतो, टाळूला चिकटतो. पातेलं काळं पडलं होतं, स्वयंपाकघरात निळसर धूर कोंडला होता, आणि पातेल्यापासून दोन हातांवर दादा आडव्या सात नंबरच्या चौकोनांत पेन्सिलने अक्षरं भरत होता.

"अरे दादा, पाक जळला की!"

त्याने मान वळवली. पातेल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी?"

वहिनी आधी चिडली, मग हसली, मग दुसरा गूळ चिरायला बसली. मी मात्र त्या 'कधी'पाशी अडकले. हिंगाची डबी त्याच्या नाकाशी धरली. मग ठेचलेला लसूण, मग उदबत्ती. प्रत्येक वेळी तो इमानाने श्वास ओढून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा, तोंडी परीक्षेतलं पोर बघतं तसा. कापराला म्हणाला, "नाकात गार लागतंय." एवढंच. गार लागणं हा वास नव्हे, हे मला बऱ्याच पुढे कळलं. गारव्याची बातमी नेणारी नस वेगळी, ती शाबूत होती.

त्याच्या अकरा दिवस आधी, २०११ च्या जानेवारीत, इस्लामपूरहून सांगलीला येताना आष्ट्याच्या अलीकडे तो स्कूटरवरून घसरला होता. उसाचा हंगाम. ट्रॉल्यांमधून पडलेले वाढे चाकांखाली चिरडून रस्ता तेल सांडल्यासारखा होतो. आमच्या भागातल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे आणि प्रत्येक जण त्यावरून एकदा तरी घसरतो. वेग बेताचाच होता. डाव्या कुशीवर पडला, डोकं डांबराला लागलं आणि लागता लागता मान गरकन फिरली. हे शेवटचं मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने सांगितलं. दादाला त्यातलं काही आठवत नाही. रक्ताचा थेंब नाही. उठून त्याने पँट झटकली, स्कूटर उभी केली आणि त्या माणसाला विचारलं, "मी येतोय की जातोय?" पाच मिनिटांत तीनदा विचारलं. हेल्मेट होतं. घरी, खुंटीला.

इस्पितळात सीटी स्कॅन झाला. फिल्म उजेडावर धरून डॉक्टर म्हणाले, कवटी शाबूत आहे, रक्तस्राव नाही, मुका मार आहे, विश्रांती घेऊ द्या. त्यांचं काही चुकलं नाही. फिल्मवर जे होतं ते त्यांनी वाचून दाखवलं.

मुका मार हा शब्द मी आजीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आम्ही चिंचेवरून पडून आलो की ती आधी रक्त कुठे आहे ते बघायची, आणि रक्त दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. न दिसलं तर ती सहाणेवर आंबेहळद उगाळायला घ्यायची आणि पुटपुटायची, "फुटलं असतं तर वाहून तरी गेलं असतं." जखम बोलते. ती लाल होते, सुजते, खपली धरते, खाजते. मुका मार आत बसून राहतो. दंडाला, मांडीला लागला तर निदान चार दिवसांनी काळानिळा डाग वर येतो, तीच त्याची जबानी. पण लेप लावायचा कुठे, हाडाच्या पेटीत बंद असलेल्या गोष्टीला?

दादाला उजेड सहन होईना. टीव्हीचा आवाज त्याला टोचायचा. बोलता बोलता एखादा साधा शब्द, 'किल्ली' किंवा 'उद्या', हरवायचा आणि मग तो स्वतःवरच असा चिडायचा की आम्ही सगळे गप्प. जन्मात आवाज न चढवलेला माणूस. दोन महिन्यांनी वहिनी मला म्हणाली, "शब्द तेच आहेत वन्सं, चाल बदललीय."

मी तेव्हा तंत्रनिकेतनात अप्लाइड मेकॅनिक्स शिकवत होते. दरवर्षी दिवाळीनंतरच्या सत्रात एक तास ठरलेला असायचा. टेबलावर पत्त्यांचा कॅट ठेवायचा, वरच्या पत्त्यावर तळवा टेकायचा आणि अलगद पुढे ढकलायचं. पत्ते तेवढेच, कॅटची उंची तीच, एकही पत्ता दबला नाही की ताणला नाही. पण सरळ उभी कड तिरकी झाली. हे शिअर. पाठ्यपुस्तकातल्या मराठीत याला कर्तन म्हणतात, वर्गात कुणी म्हणत नाही. बोल्ट तुटतो तो असा, रिव्हेट तुटतो तो असा, कात्री कापते ती अशी. इतकी वर्षं हे फळ्यावर काढलं. माझ्या सख्ख्या भावाच्या डोक्यात तेच झालं असेल, हे मात्र फळ्यासमोरून मला दिसलं नव्हतं.

दादाच्या नाकाचा माग काढत काढत मी ज्या जुन्या निबंधापाशी पोचले तो १९४३ सालचा, 'लॅन्सेट'मधला. लिहिणारा ए. एच. एस. होलबोर्न, ऑक्सफर्डमधला भौतिकशास्त्रज्ञ. डॉक्टर नव्हे. त्याचा मुद्दा एखाद्या हुशार विद्यार्थ्याने परीक्षेत मांडावा इतका सरळ आहे. मेंदू पाण्यासारखा आहे: चहूबाजूंनी दाबलात तर दबत नाही. पण त्याचे थर एकावरून एक सरकवायला काहीच जोर लागत नाही. आकडा घालायचा तर दाबण्यापेक्षा सरकवणं जवळजवळ १० लाख पटींनी सोपं. म्हणजे डोकं सरळ रेषेत हादरलं तर मेंदू कवटीबरोबर जातो, त्याला जायला दुसरी जागाच नसते. डोकं फिरलं, की कवटी फिरते आणि मेंदू मागे राहतो. कडेचा थर हाडाबरोबर निघतो, आतला जागीच रेंगाळतो, आणि मधल्या प्रत्येक थरात पत्त्यांचा कॅट तिरका होतो. कवटीच्या आकाराच्या साच्यात जिलेटिन ओतून त्याने हे करून पाहिलं होतं.

'डोकं फिरलं' असं आपण रागाच्या भरात म्हणतो. ते म्हणणाऱ्याला बलशास्त्राशी काही देणंघेणं नव्हतं, तरी मला तो योगायोग आवडतो.

घरातलं उदाहरण हवं तर सुका नारळ घ्या. आतलं पाणी आटून खोबऱ्याचा गोटा करवंटीपासून सुटला की तो कानाशी धरून हलवतात. करवंटी आधी हलते, गोटा मागाहून येतो आणि टक् वाजतो. मेंदू इतका मोकळा नसतो. त्याच्याभोवती पाण्यासारखा द्रव असतो, सगळा मिळून दीडशे मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे अर्धा पेला चहा. पण तेवढ्यात जादू आहे. विहिरीत बुडालेली घागर दोराला जड लागत नाही, काठावर यायला लागली की जड होते. तसा हा चौदाशे ग्रॅमचा मेंदू त्या द्रवात पन्नासेक ग्रॅमचा होऊन तरंगतो. आपल्याला आपल्या मेंदूचं ओझं वाटत नाही ते म्हणून. शरीराने केवढी काळजी घेतली आहे बघा. फक्त ती चालण्याच्या, धावण्याच्या, झाडावरून पडण्याच्या वेगांसाठी घेतली आहे. स्कूटर त्या हिशेबात नव्हती.

होलबोर्नला हा प्रश्न पडायलाही एक मोटारसायकलच कारण झाली, जरा लांबून. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स, तोच अरबस्तानातला लॉरेन्स, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून उडाला आणि सहा दिवस बेशुद्ध राहून गेला. त्याला पाहायला बोलावलेल्यांत ह्यू केर्न्स नावाचा तरुण मेंदूशल्यविशारद होता. हा मृत्यू केर्न्सच्या मनातून गेला नाही. युद्ध सुरू झाल्यावर लष्कराचे निरोपे मोटारसायकलवरून अंधारात, दिवे झाकून धावू लागले आणि मरू लागले. १९४१ मध्ये केर्न्सने हिशेब छापला: युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसणारे मेले. डोक्यावर हेल्मेट असताना जखमी झालेले त्याला सातच आढळले, आणि ते सातही जगले. त्याच वर्षी लष्कराने निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. होलबोर्न ऑक्सफर्डात याच केर्न्सच्या मंडळींतला. साध्या नागरिकांना ब्रिटनमध्ये सक्ती झाली ती १९७३ मध्ये. केर्न्स १९५२ मध्येच गेला होता. पुण्यात हेल्मेटसक्ती हा शब्द उच्चारला की जे होतं ते आठवून मला तो ३२ वर्षांचा उशीरही फारसा वाटत नाही.

समुद्रापलीकडे डेट्रॉइटमध्ये, वेन स्टेट विद्यापीठात, १९३९ पासूनच एक जोडी कामाला लागली होती: हर्बर्ट लिस्नर हा इंजिनिअरिंगचा प्राध्यापक आणि ई. एस. गुर्जियन हा मेंदूचा सर्जन. मोटारींचं गाव ते. माणसं मोटारींत मरत होती आणि कवटी किती सोसते हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी दान केलेल्या मृतदेहांच्या कवट्यांवर पोलादी गोळे टाकले, न वापरातल्या लिफ्टच्या बोळातून मृतदेह खाली सोडले. वाचताना अंगावर काटा येतो. पण आज मोटारीच्या डॅशबोर्डला जो मऊपणा आहे, काच जशी फुटते, त्यामागे ती माणसं आहेत, ज्यांना मेल्यानंतर पुन्हा पडावं लागलं. तिथलाच लॉरेन्स पॅट्रिक हा प्राध्यापक तर जिवंतपणी स्वतः धक्क्याच्या गाडीवर बसायचा, शेकडो वेळा. असल्या प्राध्यापकांपुढे आम्ही फळ्यावर बाण काढणारे कोण?

फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची गोष्ट मला सांगायला जड जाते. होलबोर्न म्हणतो ते खरं का, हे तिथे माकडांवर तपासलं गेलं. डोक्यावर काहीही न आपटता ते नुसतं झटक्यात फिरवलं. १९८२ मध्ये निष्कर्ष आले: आघात न होताही प्राणी बेशुद्ध पडले, आणि मेंदूत जागोजागी तंतू तुटलेले आढळले, जसे अपघातानंतर शुद्धीवर न आलेल्या माणसांच्या मेंदूंत आढळतात. दोन वर्षांनी प्राण्यांसाठी लढणाऱ्यांनी प्रयोगशाळेत शिरून चित्रफिती पळवल्या, जगाने त्या पाहिल्या आणि ते काम बंद पडलं. बंद पडलं ते बरंच झालं असं मला वाटतं. आणि दादाला काय झालं हे मला समजलं ते त्याच कामामुळे, हेही खरं. ही दोन वाक्यं माझ्यात एकमेकांशेजारी राहतात, त्यांचं जमत नाही.

जिवंत माणसाच्या मेंदूत, त्याला इजा न करता, हे बघायचं कसं? त्याचं उत्तर ज्याने काढलं तो माझा आवडता. फिलिप बेली, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक. याने आधी यंत्रांच्या कंपनांवर काम केलं होतं. मिलिंगमध्ये धातू कापताना टूल थरथरतं आणि कामावर लाटा उमटतात, ज्याला वर्कशॉपमध्ये चॅटर म्हणतात, ते याचं क्षेत्र. म्हणजे आमच्यातलाच माणूस. हाताला तेल लागलेला माणूस मेंदूकडे वळला, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला होता.

२००५ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग असा. निरोगी स्वयंसेवक एमआरआयच्या नळीत उताणा निजतो. डोकं एका झोळीवजा आधारावर. कळ सोडली की डोकं दोन सेंटिमीटर खाली येतं आणि थांबतं. दोनच सेंटिमीटर, झोपेत उशीवरून डोकं घसरावं तेवढं. बसणारा झटका फुटबॉलला डोक्याने मारताना बसतो त्याच्या दहा-पंधरा टक्के. गंमत पुढे आहे. डोकं पडण्याच्या क्षणी यंत्र मेंदूवर काळ्या समांतर रेषा उमटवतं. शाईच्या नव्हेत, चुंबकत्वाच्या. त्या मांसाला चिकटून असतात, मांस हललं की हलतात, आणि सेकंदाच्या आत विरून जातात. एका पडण्यात पूर्ण चित्र मिळत नाही, म्हणून तोच माणूस, तेच डोकं, तेच दोन सेंटिमीटर, पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी थोडं थोडं चित्र गोळा करायचं.

दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीवरून एखादं मूल घसरावं आणि रेषा वाकाव्यात, तशा त्या जाळीच्या रेषा वाकलेल्या मी पाहिल्या. किती वाकल्या? मेंदूचा लहानसा तुकडा मूळ मापाच्या दोन ते पाच टक्के ताणला किंवा दबला. उशीवरून घसरण्यात पाच टक्के! आणि आणखी एक गोष्ट, जी वाचून मी चष्मा काढून ठेवला. डोकं मागे आपटतं तेव्हा मेंदू मागच्या हाडावर आदळायला हवा, असं आपल्याला वाटतं. तो तसा सरळ जात नाही. पुढच्या बाजूला, कवटीच्या तळाशी, तो अडकवल्यासारखा धरलेला आहे. आधी त्या अडकवणीपासून तो ओढला जातो, मग मागे पोचतो.

कवटीचा पुढचा तळ म्हणजे नाकाचं छत. तिथलं हाड चाळणीसारखं आहे, खरोखरच भोकाभोकांचं. नाकातून वासाच्या नसांचे धागे, एकेका बाजूचे पंधरा-वीस, त्या भोकांतून वर जातात आणि मेंदूला मिळतात. मेंदू दोन-तीन मिलिमीटर सरकतो, हाड सरकत नाही, आणि धागे चाळणीच्या कडेवर कातरले जातात. पत्त्यांचा कॅट. रिव्हेट. मी फळ्यावर काढलेली तीच आकृती, फक्त धातूच्या जागी हिंगाचा, पावसाचा, आईच्या लुगड्याचा वास.

दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे चाळणीतनं सांडलं म्हण की."

पण नाक एक. चाल बदलली त्याचं काय? तिथे मला पुन्हा भोगीच्या पाकाकडे यावं लागतं. मेंदूच्या आतले लांब तंतू, अॅक्झॉन, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे जाड. पाकाची तार हळू ओढली तर लांबच लांब येते, झटका दिला की कट्कन मोडते. वहिनी चिमटीत पाक धरून हेच बघत असते. अॅक्झॉनचंही तसंच. पेनसिल्व्हेनियातल्या डग्लस स्मिथच्या प्रयोगशाळेत ते बशीत वाढवून, दिवसागणिक थोडं थोडं ओढत काही सेंटिमीटर लांब करून दाखवलेत; तेच क्षणात ताणले तर आतल्या बारीक नळ्या मोडतात. तंतू मात्र त्याच वेळी तुटतोच असं नाही. तो अखंड दिसतो. त्याच्यातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे माल वाहत असतो, नळ्या मोडल्या तिथे तो अडतो. पाटात गवताचा पुंजका अडकला की पाणी तुंबत जातं, बांध फुगतो आणि रात्री केव्हातरी फुटतो. तसा तो तंतू त्या जागी फुगून काही तासांनी, कधी दिवसांनी तुटतो. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली तेव्हा दादाच्या डोक्यात हे चालू असणार. फिल्मवर येण्याजोगं त्यात काही नव्हतं. आजीचं निदान बरोबर होतं: मार मुका होता.

सुतारपक्ष्याचं काय मग, असं माझा एक विद्यार्थी हटकून विचारायचा. त्याच्या कवटीत गादी असते, असं सगळीकडे छापलेलं असतं. २०२२ मध्ये बेल्जियमच्या सॅम व्हॅन वासनबर्गने अतिवेगवान कॅमेऱ्याने दाखवलं की गादीबिदी काही नाही, डोकं चक्क हातोडीसारखं टणक आहे. मेंदूच इतका लहान की त्याला तेवढ्याने काही होत नाही. गादी असती तर लाकूड कसं फुटलं असतं?

गादी लागते ती आपल्याला. हेल्मेट घेताना लोक वरचं कवच बोटाने ठोकून बघतात. आतला थर्माकोल दाबून तोंड वाकडं करतात, यात काय वाचणार म्हणतात. वर्गात मी चार मार्कांचं गणित घालायचे. डोकं दीड मीटरवरून पडलं, म्हणजे १,५०० मिलिमीटर. उघडी कवटी डांबरावर तीनेक मिलिमीटरमध्ये थांबते. भागाकार करा: ५००. गुरुत्वाच्या ५०० पट झटका. थर्माकोल २५ मिलिमीटर चिरडला जात जात तेच डोकं थांबवतो: ६०. संपलं गणित. स्कूटरचा वेग यात कुठेच नाही, हे पोरांना पटायचं नाही. पण खाली आपटण्याचा वेग उंची ठरवते. थर्माकोल चिरडला, त्याचं काम झालं, ते हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. फिरण्याला मात्र हा थर पुरा पडत नाही. त्यासाठी स्टॉकहोममध्ये हान्स फॉन होल्स्ट हा सर्जन आणि पीटर हाल्डिन हा इंजिनिअर यांनी हेल्मेटच्या आत एक पातळ, निसटता थर बसवला, जो लागताक्षणी सेंटिमीटरभर घसरतो. होलबोर्नच्या निबंधानंतर सहा दशकं गेली होती.

आपल्याकडे हा विषय आणला तो दिनेश मोहन यांनी. पवईच्या आयआयटीत मेकॅनिकल केलं, मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट. १९७९ च्या त्यांच्या एका निबंधात उंचावरून पडलेली खरीखुरी मुलं आहेत: कोण किती उंचीवरून, कशावर, कसं पडलं आणि डोक्याला काय झालं, हे संगणकावर पुन्हा मांडून मुलाचं डोकं किती सोसतं ते शोधलेलं. त्याच वर्षी ते भारतात परतून दिल्लीच्या आयआयटीत आले आणि आयुष्यभर हेल्मेट, बस, रस्ते, पायी चालणारा माणूस यांच्यामागे लागले. माणसं चुकणारच, रस्ता आणि वाहन असं करा की चुकीची शिक्षा मरण नसेल, हे त्यांचं म्हणणं. मे २०२१ मध्ये ते कोविडने गेले. त्यानंतरच्या वर्षी, २०२२ मध्ये, भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतल्या ५० हजारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. वाढे आमच्या रस्त्यावर अजूनही पडतात.

हे मेलेल्यांचे आकडे. उठून पँट झटकणाऱ्यांचं रजिस्टर कुठे ठेवतात?

गेल्या महिन्यात गवळी चीक घेऊन आला. पहिल्या दिवसाचा, घट्ट. मी तो दूध-गूळ घालून स्टीलच्या गोल डब्यात उकडला आणि निवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर काडीने हळदीच्या रेषा ओढल्या, मधोमधून कडेपर्यंत, चाकाच्या आऱ्यांसारख्या. भाच्याला मोबाईल वर धरायला लावला, स्लो मोशनवर. आधी डबा सरळ पुढे ओढला. रेषा जराशा थरथरल्या, सरळच राहिल्या. मग दोन्ही हातांनी धरून झटक्यात पीळ दिला. डबा उघडा होता, खरवस मेंदूपेक्षा घट्ट होता, प्रयोग काही शास्त्रशुद्ध नव्हता. होलबोर्न हसला असता. पण मोबाईलवर पाहिलं तर कडेची टोकं डब्याबरोबर पुढे गेलेली, मधला भाग जागीच, आणि सगळ्या रेषा विळ्यासारख्या वाकलेल्या. पुढच्या क्षणी सरळ. एक रेष तेवढी कडेपाशी तुटली होती.

दादा खुर्चीवरून हे बघत होता. त्याने मोबाईल मागून घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि तो तुकडा चार वेळा पाहिला. चौथ्यांदा पाहताना त्याचा हात आपोआप डाव्या कानामागे गेला.

"झालं तुझं? खाऊ दे आता," तो म्हणाला.

मी वडी कापून दिली, हळदीच्या रेषेसकट. त्याने ती सावकाश खाल्ली.

"गोड झालाय. वेलदोडा?"

"जायफळ."

"जायफळ," तो म्हणाला आणि दुसऱ्या वडीसाठी ताटली पुढे केली.